यशोधर साळिंदराचं अभिजात वाचन मंडळ

मुलांनो, फोन जरा बाजूला ठेवा. आपल्या गोष्टीत सगळ्यांच्या हातात फोन आहेत, तेवढे पुरेत.

तर एक जंगल होतं. दाट होतं, जुनं होतं आणि तिथे नेटवर्क चांगलं होतं. वाघ रोज सकाळी उठून हरणांना सुविचार पाठवायचा. हरणं त्याला उलट हात जोडायची आणि मग पळायची.

या जंगलात यशोधर साळिंदर नावाचा एक गृहस्थ राहायचा. पाणवठ्यावर जनावरांची रांग लावायच्या नोकरीतून तो निवृत्त झाला होता. मुलं आपापल्या बिळांत सुखी होती. घरात तो आणि त्याची बायको कालिंदी, दोघंच. खायला कंदमुळं होती, पाठीला काटे होते, कशाची म्हणून ददात नव्हती.

तरी त्याला एक खंत होती. आयुष्यात वाचायचं राहून गेलं, ही नव्हे. आपण पुष्कळ वाचलेलं आहे हे लोकांना कळायचं राहून गेलं, ही.

म्हणून त्याने फोनवर एक गट काढला. नाव ठेवलं ‘अभिजात वाचन मंडळ’. गटासाठी त्याने आपला नवा फोटो काढून घेतला. फोटोत त्याच्यामागे पुस्तकांचं कपाट होतं. कपाट शेजाऱ्यांचं होतं.

गटात पहिले आले प्राध्यापक विद्याधर मुंगूस. ते कुठल्याही गोष्टीवर तासभर बोलू शकत. मग आल्या शालिनीताई टिटवी. त्या कुठल्याही गोष्टीला ‘खूप छान’ म्हणत. मग आले संपतराव रानडुक्कर. ते कुठल्याही गोष्टीला ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ म्हणत. आणखीही बरेच आले, पण ते बोलत नसत. नुसते निळ्या खुणा होऊन बसून राहत. गट भरलेला दिसावा म्हणून यशोधरने कालिंदीलाही घेतलं.

“मला काय कळतंय त्यातलं?” कालिंदी म्हणाली.

“तुला कळायची गरज नाही. तू नुसती अस,” यशोधर म्हणाला.

पहिला प्रश्न असा आला की वाचायचं काय? आणि त्याच्याही आधी, अभिजात म्हणजे काय?

“जिचा लेखक हयात नाही ती कादंबरी अभिजात,” संपतराव म्हणाले.

“जाड असते ती,” शालिनीताई म्हणाल्या.

“अभिजात ही एक अवस्था आहे,” प्राध्यापक मुंगूस म्हणाले, आणि ती कुणाची अवस्था हे त्यांनी पुढे पाऊण तास सांगितलं. शेवटी ती ऐकणाऱ्यांचीच झाली.

मग मतदान घेतलं. प्रत्येकाने एकेक कादंबरी सुचवली आणि प्रत्येकाने आपण सुचवलेल्या कादंबरीला मत दिलं. सगळ्या कादंबऱ्यांना एकेक मत पडलं. पुन्हा मतदान घेतलं. पुन्हा तेच. दोन सभासद रुसून गट सोडून गेले आणि पुन्हा सामील करून घेण्यासाठी बाहेर वाट पाहत राहिले.

शेवटी कुणीतरी ‘डोहापलीकडचा काजवा’ हे नाव काढलं. भागीरथीबाई कासव यांची ती कादंबरी. फार जुनी, फार जाड, फार नावाजलेली. तिच्याबद्दल सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. विरोध करावा असं संपतरावांच्या मनात आलं, पण विरोध करायचा तर ती वाचलेली असायला हवी. कुणीच विरोध केला नाही. ‘डोहापलीकडचा काजवा’ एकमताने निवडून आली.

“मी पूर्वी दोनदा वाचली आहे,” यशोधरने गटावर लिहिलं. “आता पुनर्वाचनाचा आनंद घेईन.”

“पुनर्वाचन हेच खरं वाचन,” प्राध्यापकांनी लिहिलं. त्यावर इतके अंगठे आले की यशोधरचे काटे आनंदाने उभे राहिले आणि पाठीमागची उशी फाटली.

जंगलात पुस्तकं बांधायचं आणि घरोघर पोचवायचं काम एक वटवाघूळ करायचं. त्याने सगळ्या सभासदांना एकेक प्रत आणून दिली. निळं जाड वेष्टन, त्यावर सोनेरी काजवा. यशोधरने प्रतीचा फोटो काढला. प्रत आणि चहाचा कप यांचा फोटो काढला. प्रत, कप आणि चष्मा यांचा काढला. मग त्याने मागच्या कव्हरावरचा मजकूर वाचला. तिथे लिहिलं होतं, ‘एका काजव्याच्या अंतर्यामीच्या उजेडाची शोककथा.’ एवढं पुरेसं होतं. त्याने पुस्तक खिडकीत उभं ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

दर रविवारी संध्याकाळी गटाची सभा भरायची. सगळे आपापल्या बिळात, घरट्यात, दलदलीत बसून फोनच्या पडद्यावर एकमेकांकडे बघायचे.

पहिल्या सभेत अंतर्यामीच्या उजेडावर चर्चा झाली. दुसऱ्या सभेत उजेडाच्या अंतर्यामावर झाली. यशोधर म्हणाला, “लेखिकेने काळोखाला जी वाचा दिली आहे, ती आजही अस्वस्थ करते.” हे वाक्य त्याने दुपारभर घोकलं होतं. शालिनीताई म्हणाल्या, “खूप छान.” संपतराव म्हणाले, “असे काजवे आता राहिले नाहीत.”

आता झालं काय, की दुपारी कालिंदीला वेळ असायचा. पुस्तक खिडकीत उभंच होतं. एके दिवशी तिने ते काढलं आणि वाचायला लागली. तिला वाचू नकोस असं सांगायलाच सगळे विसरले होते.

दोन दिवसांनी ती यशोधरला म्हणाली, “अहो, ही कादंबरीच आहे ना नक्की?”

“म्हणजे काय?”

“नाही, मला काजवा कुठे दिसत नाहीये.”

यशोधर हसला. “कालिंदी, ती अभिजात आहे. वाचल्याबरोबर कळली तर ती अभिजात कसली?”

कालिंदीला ते पटलं. तरी तिला चैन पडेना. पुढच्या रविवारी तिने सभेत हळूच हात वर केला.

“मला एक विचारायचं होतं. पहिल्याच पानावर लिहिलंय, ‘प्रथम ओल कुठून येते ते पाहावे. ओल दिसते तिथून ती येत नसते.’ हे कशाबद्दल आहे?”

हे वाक्य यशोधरने ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं. पण प्राध्यापक मुंगूस यांनी डोळे मिटले.

“ओल दिसते तिथून ती येत नसते!” ते म्हणाले. “वा! दुःखाचं केवढं मोठं सूत्र आहे हे! आसवं डोळ्यांतून येतात का हो? येतात मनातून. भागीरथीबाईंनी पहिल्याच पानावर आपल्याला सावध केलं आहे.”

“मीही दोन्ही वाचनांत याच वाक्यापाशी थांबलो होतो,” यशोधर म्हणाला.

“खूप छान,” शालिनीताई डोळे पुसत म्हणाल्या.

त्यानंतर दर रविवारी कालिंदी एखादं वाक्य वाचायची आणि मंडळ त्याचा अर्थ लावायचं. मंडळात खरी जान आली ती तिथपासून. ‘शेण एक वाटा, चिकणमाती दोन वाटे. मिश्रण हाताला चिकटले पाहिजे आणि सोडलेही पाहिजे.’ हे वाक्य आलं त्या दिवशी तर सभा लांबतच गेली.

“संसार!” प्राध्यापक ओरडले. “चिकटलं पाहिजे आणि सोडलंही पाहिजे! सगळं तत्त्वज्ञान एका शेणाच्या गोळ्यात!”

“पूर्वीचं शेणही तसं होतं,” संपतराव म्हणाले.

कालिंदी सगळं ऐकून घ्यायची. मंडळाचा अर्थ तिला मोठा वाटायचा. पण वाक्यातला साधा अर्थही तिला सोडवत नसे. मग तिने एक गोष्ट केली. डोहावर जाऊन ती चिकणमाती घेऊन आली.

एक दिवस सडकून पाऊस झाला. यशोधर सवयीने उठून खुर्ची सरकवायला लागला, कारण त्याच्या खुर्चीवरच छत गळायचं. खुर्ची सरकवून झाल्यावर तो बसून राहिला. बराच वेळ गेला. थेंब पडेना. त्याने मान वर करून पाहिलं. छत कोरडं ठाक होतं, गुळगुळीत लिंपलेलं.

“हे कुणी केलं?”

“मी,” कालिंदी म्हणाली. “तुमच्या कादंबरीत पाचव्या प्रकरणात दिलंय ना, तसंच केलं. गळतं तिथे नाही लिंपायचं, वरच्या अंगाला मुळांची पोकळी शोधायची. तीन थर द्यायचे. तुम्ही दोनदा वाचलीत, एकदाही बोलला नाहीत!”

ती पाणी आणायला गेली तसा यशोधर उठला. खिडकीतलं पुस्तक त्याने हातात घेतलं. मुलांनो, ते त्याने पहिल्यांदाच उघडलं. आत वेष्टनाला चिकटलेलं एक पान सुटलं, त्यावर ठळक अक्षरात छापलं होतं: ‘बिळांची डागडुजी. गृहस्थांसाठी सोपे मार्गदर्शन.’

पाचवं प्रकरण होतं ‘छताला ओल येणे’. सहावं होतं ‘वाळवीचा बंदोबस्त’. शेवटच्या पानापर्यंत काजवा नव्हता.

त्याच्या लक्षात सगळं आलं. वटवाघूळ उलटं लटकून बांधणी करायचं. एका ग्रंथाचं पोट त्याने दुसऱ्याच्या वेष्टनात घातलं होतं. आणि एकाच्या प्रतीत नाही, सगळ्यांच्याच प्रतींत घातलं असणार. नाहीतर इतक्या रविवारांत कुणीतरी ‘कालिंदीताई, कुठलं पान हे?’ असं विचारलं नसतं का?

यशोधरने घाम पुसला. सांगावं, तर आपण पुस्तक आज उघडलं हे कळणार. न सांगावं, तर पुढच्या रविवारी वाळवी येणार. त्याने प्राध्यापक मुंगुसांना फोन लावला.

“सर, एक खाजगी विचारू? तुम्ही पुस्तक उघडलंत का?”

पलीकडे प्राध्यापकांनी घसा खाकरला.

“उघडणं म्हणजे काय, यशोधरजी?” प्राध्यापक सावकाश म्हणाले.

“तेच, सर. तेच म्हणायचं होतं,” यशोधर म्हणाला आणि फोन ठेवला.

तेवढ्यात गटावर शालिनीताईंचा निरोप येऊन पडला. ‘आनंदाची बातमी. आदरणीय भागीरथीबाई कासव हयात आहेत! डोहाच्या पलीकडेच राहतात. येत्या रविवारी त्या आपल्या सभेला येणार आहेत.’ खाली फुलांचे गुच्छ होते.

भागीरथीबाई केव्हाच गेल्या असतील असं सगळे धरून चालले होते. कासवं इतक्या लवकर जात नाहीत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तो आठवडा यशोधरला कसा गेला ते विचारू नका. जेवण जाईना. झोपला की काटे आपोआप उभे राहायचे आणि कालिंदी दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन निजायची. आजाराचं सोंग घ्यावं, असं त्याला वाटलं. पण निमंत्रकच नाही म्हटल्यावर हाराचं काय होणार? हार पडद्यावरूनच घालायचा होता, तरी तो त्याने आणवला होता.

रविवार आला. पडद्यावर भागीरथीबाई दिसायला लागल्या. आधी नुसती पाठ दिसली, मग हळूहळू मान बाहेर आली.

प्राध्यापक मुंगुसांनी प्रास्ताविक केलं. ओल, शेण, चिकणमाती, सगळं आलं त्यात. “शेणाला इतकं उत्तुंग स्थान देणारी कादंबरी आपल्या भाषेत दुसरी नाही,” असं म्हणून त्यांनी समारोप केला.

भागीरथीबाईंनी डोळे मिचकावले. कासवच त्या, पटकन काही बोलणं त्यांना माहीत नव्हतं.

“माझ्या कादंबरीत शेण नाही,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी आणखी सावकाश पुढे सांगितलं.

“काजवा आहे. त्याची आंधळी आई आहे. पलीकडच्या काठावरची एक बेडकी आहे. पण शेण नाही.”

“बाई, तुमच्याकडे जुनी आवृत्ती असेल,” संपतराव म्हणाले.

“मी लिहिली आहे हो ती.”

“तीच तर अडचण आहे,” प्राध्यापक गोड हसून म्हणाले. “लेखकाला आपल्या कृतीतलं सगळं कळतंच असं नाही. आपण काय लिहून गेलो हे त्याला ठाऊक नसतं. आमचं मंडळ इतके आठवडे त्यावर काम करतंय.”

“अहो, पण—”

“तुमचा आवाज येत नाहीये, बाई,” शालिनीताई म्हणाल्या. आवाज त्यांनीच बंद केला होता.

पडद्यावर भागीरथीबाईंचं तोंड हलत राहिलं. म्हातारी हातवारे करून काहीतरी सांगत होती. अंधार, उडणं, खाली पडणं. कुणाला काही ऐकू येत नव्हतं. यशोधरला ते बघवेना. त्याने समोर पाहिलं. बिळाच्या दुसऱ्या कोपऱ्यात कालिंदी आपल्या फोनपुढे बसली होती आणि फोनकडे न बघता त्याच्याकडे बघत होती. तिला आता सगळं कळलं होतं. ती रागावलेली नव्हती. ते जास्त वाईट होतं.

“थांबा!” यशोधर म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला कालिंदीच्या फोनमधूनही ऐकू आला. “बाई खरं बोलतायत. आपल्या पुस्तकात कादंबरी नाहीच. बिळं दुरुस्त करायचं पुस्तक आहे ते. आणि मला हे कळलं नाही, कारण मी ते उघडलं नव्हतं. मी दोनदा वाचलेलं नाही. एकदाही वाचलेलं नाही.”

यशोधरने डोळे मिटून घेतले. आता चपला यायच्या, असं त्याला वाटलं.

“खूप छान,” शालिनीताई म्हणाल्या.

“छान काय!” प्राध्यापक मुंगूस उठून उभे राहिले. “थोर! ग्रंथाला स्पर्श न करता त्याच्या सहवासात राहायचं! अक्षरांच्या आड न येता आशयाला भिडायचं! यशोधरजी, हे नुसतं वाचन नाही. हे अस्पर्श वाचन आहे.”

“मीही उघडलेलं नाही,” संपतराव घाईने म्हणाले. “पूर्वी कुणी उघडायचंच नाही.”

“मीसुद्धा!” “आम्हीही!” इतके दिवस गप्प बसलेले सभासदही बोलायला लागले. एकाने तर पुडक्याचा कागदसुद्धा काढला नव्हता. त्याचं विशेष कौतुक झालं. तिथल्या तिथे यशोधरला मंडळाचा तहहयात अध्यक्ष करण्यात आलं. भागीरथीबाईंसाठी आणलेला हार त्याच्याच गळ्यात पडला. या गडबडीत बाई पडद्यावरून केव्हा गेल्या, हे कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कालिंदी डोहापलीकडे गेली. बरोबर चिकणमाती नेली होती, कारण कासवीणबाईंच्या घरातली कपार गळत होती, हे तिला पडद्यावर दिसलं होतं. बाईंची माफी मागितली, कपार लिंपून दिली आणि परत येताना एक जुनी, कोपरे झिजलेली प्रत घेऊन आली. तिच्यात खरोखरच काजवा होता.

ती वाचत बसली. स्वयंपाकाला उशीर व्हायला लागला. एका दुपारी यशोधर घरात आला तर तिचे डोळे लाल झाले होते.

“काय झालं?” त्याने घाबरून विचारलं.

“आई गेली त्याची.”

“कुणाची?”

“काजव्याची. आणि तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं, हो, की हा उजेड देतो.”

यशोधर तिच्याजवळ येऊन बसला. मग त्याने विचारलं, “मग त्याने काय केलं?”

“वाचा की,” कालिंदी म्हणाली आणि पुस्तक त्याच्याकडे सरकवलं.

त्याने वाचायला सुरुवात केली. पहिली पानं जड गेली. मग तो ओळींवरून बोट फिरवत वाचू लागला. मग बोट फिरवायचं विसरला. फोन वाजायचा, तो उचलायचा नाही. सभा व्हायच्या, अध्यक्षांची जागा रिकामी राहायची. शेवटचं पान संपलं तेव्हा तो उठून बाहेर गेला आणि उगाच बराच वेळ झाडाला टेकून उभा राहिला.

इतकं काही मनात दाटलं की कुणाला तरी सांगायला हवं. आणि त्याच्याकडे तर अख्खं मंडळ होतं! त्याने फोन घेतला आणि गटावर लिहिलं, ‘मित्रांनो, मी काजवा वाचला. बेडकी त्याला उजेड मालवायला सांगते ते प्रकरण आठवतं? मला वाटतं, तिथे बेडकीचं चुकलं. तुम्हाला काय वाटतं?’

निळ्या खुणा एकेक करून उमटल्या.

‘वाचला म्हणजे?’ संपतरावांनी विचारलं.

‘उघडून?’ दुसऱ्या कुणीतरी विचारलं.

‘यशोधरजींकडून ही अपेक्षा नव्हती,’ प्राध्यापकांनी लिहिलं. ‘एकदा ग्रंथ वाचला की त्याच्याबद्दल मोकळेपणाने बोलता येत नाही. शिवाय मंडळाचं नवं पुस्तक सुरू झालं आहे. अध्यक्षांनी विषयाला धरून बोलावं.’

यशोधरने पुन्हा लिहिलं, ‘पण बेडकीचं—’

तेवढ्यात पडद्यावर राखाडी अक्षरं आली. शालिनीताई टिटवी यांनी त्याला गटातून काढलं होतं.

तो फोनकडे बघत बसला. काटे सगळे मिटून पाठीला चिकटले.

“काय हो?” कालिंदीने विचारलं.

“काढलं मला. मीच काढलेल्या गटातून.”

“कशावरून?”

“बेडकीचं चुकलं म्हणालो म्हणून.”

कालिंदीने हातातली कंदमुळं खाली ठेवली. “बेडकीचं चुकलं? काय बोलताय! काजव्याचं चुकलं. ती सांगत होती ना बिचारी, वर घुबड आहे म्हणून!”

“घुबड तिला दिसलं कुठे होतं? तिने नुसतं ऐकलं होतं!”

“मागचं प्रकरण नीट वाचा! तिने सावली पाहिली होती!”

“सावली झाडाची होती!”

“झाडाची सावली हलते का?”

दोघंही पुस्तकावर एकदमच झेपावले. पान सापडेना. चुलीवरचं दूध उतू जाऊन करपट वास सुटला, तरी कुणी उठलं नाही.

तात्पर्य: मुलांनो, न वाचणाऱ्याला मित्र पुष्कळ मिळतात, वाचणाऱ्याला फार तर एक मिळतो, आणि तोही भांडतो. तेव्हा अभिजात पुस्तकं जरूर विकत घ्या, त्यांचे फोटो काढा, त्यांच्यावर बोला, पण उघडण्याआधी दहादा विचार करा. गोष्ट सांगणारा तुमचा हा काका सध्या पाच वाचन मंडळांत आहे आणि सगळीकडे त्याला फार मान आहे.